कुंदा सिस्टर, आपलं भांडण अर्धंच राहिलं

सिस्टर, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटो कुठल्या तरी लग्नातला आहे. केसांत गजरा आहे आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता बाजूच्या कुणाला तरी काहीतरी बजावताय. खाली लिहिलंय, 'रुग्णसेवेचा वसा घेतलेल्या सेवाव्रती परिचारिकेस भावपूर्ण श्रद्धांजली.' एका ओळीत दोनदा सेवा. ड्यूटीवर जाताना मी बाईक थांबवून ते वाचलं आणि आधी हसूच आलं. सेवा म्हटली की पगार वाढवायला नको, हे तुम्ही हॉस्पिटलचे मालक असलेल्या डॉक्टरांच्या तोंडावर बोलायचात. हसत बोलायचात, म्हणून त्यांना चिडताही यायचं नाही. नवीन आलेल्या मुलीने 'सेवा करायची आवड आहे' असं म्हटलं की तुम्ही सांगायचात, "आवड घरी ठेव. इथे ड्यूटी आहे, आणि ती नीट करायची." हे सगळं आठवलं आणि मग भर चौकात, हेल्मेट डोक्यात असताना, रडू आलं. काच खाली केली आणि आलो वॉर्डात.

तुमच्याबद्दल चार शब्द लिही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. शोकसभेत वाचायचे आहेत. तिथे जे वाचायचं ते वाचेन. हे वेगळं आहे, हे तुम्हाला सांगायचं आहे.

मी तुम्हाला पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या डाव्या हाताला टाके पडत होते. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कंत्राटी हेल्पर होतो, बिरवाडीत पाच पोरांनी मिळून एक खोली घेतली होती. ड्रमची कड लागून तळहात फाटला म्हणून मला इथे आणलं. शेजारच्या खाटेवर डोंगरातले एक आजोबा होते. लघवी तुंबली होती, नळी घालायची होती आणि ते कोवळ्या नर्सला जवळ येऊ देत नव्हते. "पोरीच्या हातनं नाय," एवढंच ओरडत होते. तुम्ही माझ्याकडे वळलात, कुठला म्हणून विचारलंत. पोलादपूरच्या वरचा, आंबेनळीच्या रस्त्याला आमची वाडी, असं मी सांगितलं. "मग तुमच्याच भागातले आहेत हे. बस त्यांच्यापाशी," म्हणालात. मी चांगला हात त्यांच्या हातात दिला आणि कुठल्या गावचे, भात लावून झालं का, असं विचारत बसलो. नळी तुम्हीच घातलीत. आजोबा डोळे मिटून माझा हात आवळत होते.

नंतर तुम्ही माझं शिक्षण विचारलंत. बारावी सायन्स म्हटल्यावर तुमचा चेहरा बदलला. "आणि ड्रम ढकलतोस?"

तुम्ही मला गुणी वगैरे म्हटलं नाही. पुरुषांच्या वॉर्डात मुलगा लागतो, मुलं येत नाहीत, आणि माणसं उचलून उचलून माझी पाठ गेलीय, इतकंच कारण सांगितलंत. नर्सिंगला मुलांनाही घेतात, जागा थोड्या असतात पण प्रयत्न कर, म्हणालात. मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. खोलीवर जाऊन सांगितलं तर पोरं आठवडाभर मला 'सिस्टर, गोळी द्या' म्हणत होती.

तुम्ही मात्र थट्टा करत नव्हता. गणपतीत वडील मुंबईहून आले होते, तेव्हा तुम्ही महाबळेश्वरच्या एसटीने फाट्यावर उतरून आमच्या वाडीत आलात. चिखलात चप्पल रुतली म्हणून ती हातात घेऊन चढलात. आईला वाटलं, माझ्या हाताचंच काहीतरी बिघडलं. तुम्ही पडवीत बसून नर्सिंगचं सांगितलंत. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाय, राग नका मानू. पन ह्ये बायकांचं काम हाय. लोक काय बोलतील?"

तुम्ही विचारलंत, "तुम्ही मुंबईत काय करता?"

"कँटीनला हाय. जेवन बनवतो."

तुम्ही चहा पीत राहिलात. वडीलच थोड्या वेळाने हसले, आणि आईला म्हणाले, "अगो, बाईंना मोदक दे." माझं ॲडमिशन तिथे झालं, सिस्टर. कॉलेजात नंतर झालं.

कॉलेजात वर्गभर मुली आणि आम्ही तीन मुलगे. पहिले काही महिने मी पळून येण्याच्या बेतात होतो. तुम्ही रविवारी फोन करायचात आणि अभ्यासाचं सोडून जेवणाचं विचारायचात. एकदा मी म्हटलं, गावी गेलो की सगळे सिस्टर म्हणून हाका मारतात. तुम्ही म्हणालात, "मलाही आयुष्यभर म्हणताहेत. मला काय झालं?"

पास होऊन आलो तेव्हा डॉक्टरांना बरं वाटलं होतं. पोरगा आहे, उचलाउचलीला होईल, असं ते म्हणाले. तुम्ही ड्यूटीचा तक्ता करत होता, मान वर न करता म्हणालात, "त्याचं रजिस्ट्रेशन आणि माझं रजिस्ट्रेशन एकच आहे, सर. उचलायला माणूस हवा असेल तर वेगळा ठेवा." त्या आठवड्यापासून मला सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग, सगळं मिळालं. उचलायचंही मीच, ते काही सुटलं नाही. पण आधी मी नर्स होतो आणि मग उचलणारा होतो. हा फरक बाहेरच्या माणसाला कळणार नाही.

बाईमाणसाच्या खाटेपाशी कसं जायचं तेही तुम्हीच शिकवलंत. पडद्याबाहेर उभं राहायचं. आत घरचं कुणी बाईमाणूस आहे ना, बघायचं. मग विचारायचं, मी केलं तर चालेल का. ती नाही म्हणाली तर नाही. तिला कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही.

माझ्या लग्नातही तुम्ही होताच. दोन ठिकाणी 'मुलगा नर्स आहे' एवढ्यावर बोलणी थांबली होती. बिरवाडीला स्वातीच्या घरी तुम्ही स्वतःहून आलात. तिच्या वडिलांनी विचारलं, ब्रदर म्हणजे काम काय असतं? मी करते तेच, असं तुम्ही सांगितलंत. मग पगार? तोही मला मिळतो तसाच, म्हणजे कमीच, असंही तुम्ही सांगून टाकलंत. मी खाली मान घालून बसलो होतो. मग तुम्ही म्हणालात, "पण तुमची मुलगी आजारी पडली तर दुखणं काढायला तिला माहेरी यावं लागणार नाही." स्वाती सांगते, तिने दाराआडून हे ऐकलं आणि तिथेच ठरवलं.

आता भांडणाकडे येतो. कारण तुमची आणि माझी खरी ओळख भांडणातच होती.

तुम्ही मुलींना बाहेर पाठवत राहिलात. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून मुली यायच्या, कुणाचा बाप मुंबईला वॉचमन, कुणाची आई दुसऱ्याच्या शेतावर. तुम्ही त्यांना दोन वर्षं घासून तयार करायचात आणि हात बसला की म्हणायचात, जा आता. पनवेल, मुंबई, पुणे. पुढे मस्कत आणि दुबई. डॉक्टर वैतागायचे, तुम्ही माझ्या हॉस्पिटलात ट्रेनिंग सेंटर काढलंय म्हणायचे. तुमचं म्हणणं सरळ होतं. महाडात नर्सला काम आज मागितलं तर उद्या मिळतं, पण दहा वर्षांनी ती तिथेच असते. सहा महिन्यांचा कसला तरी कोर्स केलेली पोर पांढरा कोट घालून शेजारी उभी राहते आणि मालकाला दोघींत फरक दिसत नाही. सरकारी दवाखान्यात बहुतेक कंत्राटच, दर वर्षी पुन्हा ऑर्डरची वाट बघायची. कायमची जागा निघते तेव्हा तिला एवढे अर्ज पडतात की मुलगी परीक्षा देऊन विसरून जाते. हे सगळं तुम्ही त्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचात. लपवायचात काहीच नाही.

संगीता आठवते ना? आठवते म्हणजे काय, तुमची लाडकी. साध्या कौलारू घरातली पोर, पहिल्या आठवड्यात रक्त बघून घेरी येऊन पडली होती. तिला तुम्ही मस्कतला पाठवलंत. तिच्या घरच्यांनी स्लॅब टाकला तेव्हा तिची आई वरीचे तांदूळ घेऊन वॉर्डात आली होती आणि तुमच्या पाया पडायला वाकली. तुम्ही मागे सरकलात आणि तिला म्हणालात, पोरीला म्हणावं, आता स्वतःसाठी काहीतरी घे.

मी तुम्हाला विचारायचो, मग तुम्ही का नाही गेलात? तुम्ही हसायचात आणि स्पिरिट संपलंय बघ, असं काहीतरी काढायचात. तुमची मुलगी बँकेत लागली तेव्हाही मी विचारलं, सगळ्यांच्या पोरींना नर्स केलंत, स्वतःच्या मुलीला का नाही? तुम्ही सरळ उत्तर दिलंत, "तिला उलटीचा वास सहन होत नाही. जबरदस्ती कशाला करू?" त्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसऱ्याचं नाही मिळालं.

मीही गेलो होतो मुंबईला, तुम्हीच पाठवलंत म्हणून. मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूत काम केलं. वडील गेले, आई वाडीत एकटी पडली आणि ती मुंबईला यायला तयार होईना, म्हणून परत आलो. मी आलो म्हणून तुम्ही खूश व्हाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही सबंध पाळी माझ्याशी बोलला नाहीत. जाताना पर्स काखेत मारून एवढंच म्हणालात, "आईला भेटायला महिन्याला येता आलं असतं."

मग तुम्ही जर्मनचं काढलंत. कुणाकडून तरी ऐकलं होतं की तिकडे नर्स हव्यात, भाषा आली की घेतात, आणि पुरुष नर्सचं कुणाला काही वाटत नाही. संध्याकाळचा ऑनलाईन क्लास तुम्हीच शोधून दिलात. आईचं काय, म्हटलं तर म्हणालात, तिचं बघू, आधी भाषा शीक. स्वातीही माझ्याबरोबर बसायला लागली. रोज ड्यूटीवर आलो की तुम्ही आज काय शिकलास म्हणून विचारायचात. तिकडेही नर्सला बहीणच म्हणतात, श्वेस्टर, असं मी सांगितलं तेव्हा तुम्हाला फार मजा वाटली. मग ब्रदरला काय म्हणतात? त्यांच्याकडे भाऊ नाही म्हणत, काळजी घेणारा अशा अर्थाचा वेगळाच शब्द आहे, असं मी म्हटलं. तुम्ही ट्रे पुसता पुसता थांबलात. "बघ. तिथे तुला कुणी हसणार नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुमचं पोट वाढायला लागलं. गॅस आहे म्हणायचात. परकराची नाडी अपुरी पडते, वय झालं, म्हणायचात. बायका दुखणं अंगावर काढतात म्हणून ओपीडीत त्यांच्यावर डाफरणारी बाई स्वतः मात्र सोनोग्राफीच्या खोलीवरून रोज जात-येत होती. शेवटी डॉक्टरांनी हाताला धरून आत नेलं. मी दारात होतो. डॉक्टर काही बोलायच्या आधीच तुम्ही मशीनच्या पडद्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बंद करा, सर. कळलं."

मुंबई झाली. ऑपरेशन झालं, केमो झाल्या, केस गेले. तुम्ही स्कार्फ बांधून महाडला यायचात आणि थेट वॉर्डात येऊन तक्ता तपासायचात. मग पोटात पुन्हा पाणी भरलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून एक औषध देऊन बघता येईल. तुम्ही नको म्हणालात. मी तुमच्या घरी आलो, भांडलो. दुसऱ्या कुठल्या पेशंटला तुम्ही असं करू दिलं असतंत का, असं विचारलं. भाऊ, म्हणजे तुमचे यजमान, दाराला टेकून उभे होते. त्यांना मनातून वाटत होतं, मी जिंकावं.

तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या पेशंटला मी आधी विचारलं असतं, तुला काय हवंय. तू मला विचारलंस का?"

मग मी विचारलं.

"मला माझ्या वॉर्डात जायचंय," तुम्ही म्हणालात.

खिडकीजवळची खाट तुम्हाला दिली. एसटी स्टँडवरची घोषणा तिथे ऐकू येते, त्याची तुम्हाला सवय होती. पेशंट म्हणून तुम्ही कुणालाच आवडला नसतात. नवीन मुलगी चादर घालायला लागली की कोपरा दुमडलेला नाही म्हणून सगळी काढायला लावायचात. शेजारच्या बाईला गोळी अर्धा तास उशिरा मिळाली की मला हाक यायची. आम्ही सगळे वैतागायचो आणि आम्हाला सगळ्यांना बरं वाटायचं.

पण त्याच सुमारास शिकलेल्या दोघी एकदम नोकरी सोडून गेल्या. एक पनवेलला, एकीचं लग्न झालं. उरलो मी, रात्रपाळीच्या एक वयस्क सिस्टर आणि सहा महिन्यांच्या कोर्सवाल्या दोन पोरी. तुमचं अंथरुणावरच करायची वेळ आली तेव्हा त्या पोरी मागे सरकल्या. त्यातली एक तर रडायला लागली, सिस्टरांना मी कसा हात लावू म्हणाली. भाऊ करायला पुढे झाले, पण त्यांना तुम्हाला वळवता येईना. तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत.

मी पडद्याबाहेर उभा राहिलो. भाऊ आत होते. मी म्हटलं, "सिस्टर, मी केलं तर चालेल का?"



"विचारलंस, बरं केलंस," तुम्ही म्हणालात. "चालेल."

तुमची पाठ पुसताना मला तुमच्या पाठीचे मणके पहिल्यांदा दिसले. ती पाठ माणसं उचलून गेली होती, हे मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून होता. मग तुम्ही म्हणालात, पाणी अजून जरा गरम हवं. मी गरम पाणी आणलं. एवढं सोपं करून टाकलंत तुम्ही ते.

त्याच दिवशी मी बोलून गेलो. राग तुमच्यावर नव्हता, कुणावर होता ते मलाही कळत नव्हतं. मी म्हटलं, संगीता इथे असती, बाकीच्या मुली असत्या, तर आज तुमच्यावर ही वेळ आली नसती. तुम्हीच पाठवल्यात सगळ्या.

"हो, मीच पाठवल्या. इथे राहिल्या असत्या तर माझ्यासारख्या झाल्या असत्या."

"तुमच्यासारखं होणं वाईट आहे?"

तुम्ही डोळे मिटलेत. "पाठ दुखतेय, महेश. कूस बदल."

मी कूस बदलली.

संगीताचा व्हिडिओ कॉल आला ती दुपार मला पुन्हा पुन्हा आठवते. तिची जेवणाची सुट्टी होती, निळा युनिफॉर्म घातला होता. तुम्हाला बघून ती रडायला लागली तर तुम्ही तिला गप्प केलंत आणि म्हणालात, तुझं हॉस्पिटल दाखव मला. ती फोन घेऊन चालायला लागली. पेशंट दिसू नयेत म्हणून फोन भिंतीकडे धरत होती, ते तुमच्या लगेच लक्षात आलं आणि तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. मग तिने एक यंत्र दाखवलं, माणसाला खाटेवरून उचलून खुर्चीत ठेवणारं. एका मैत्रिणीला त्या झोळीत बसवून तिने ते चालवून दाखवलं. बटण दाबलं, बाई अलगद वर गेली. तुम्ही तिला ते पुन्हा चालवायला लावलंत. दोन्ही वेळा तुम्ही लहान मुलीसारख्या बघत होता. फोन ठेवल्यावर भाऊंना म्हणालात, "आम्हाला हे असतं तर हो."

आणि ती शेवटची संध्याकाळ. तुम्ही शुद्धीवर होता, आवाज बारीक झाला होता. तुम्ही विचारलंत, क्लासचं काय झालं? मी सांगितलं, सध्या बंद आहे. तुम्ही उठून बसायचा प्रयत्न केलात. मी उशी लावायला गेलो तर हात झटकलात.

"माझ्यामुळे थांबलास?"

मी म्हटलं, पेशंट आहेत, माणसं नाहीत. पेशंट कायमच असणार, असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, कुणीतरी राहायला हवं ना इथे.

"ते मीही म्हणत आले," तुम्ही म्हणालात. "जन्मभर."

इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते उत्तर बहुधा हेच होतं. पण त्यावर मी गप्प बसलो नाही. मी विचारलं, "मग चुकलात का तुम्ही?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. श्वास जड झाला होता. मला अजूनही त्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही. "उद्या बोलू," म्हणालात. "आता दम लागतो."

सकाळी तुम्ही कुणाला ओळखत नव्हता. दुपारी, भेटायच्या वेळेत, भाऊंचा हात हातात असताना तुम्ही गेलात. वॉर्ड माणसांनी भरलेला होता, कुणाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, बाहेर पोलादपूरच्या गाडीची घोषणा झाली. मी नाडी बघितली, डॉक्टरांना बोलावलं, पडदा ओढला. तुम्ही शिकवलेल्या क्रमाने सगळं केलं. तुमची मुलगी आली तेव्हा तिने विचारलं, आईला युनिफॉर्म नेसवायचा का, पांढरी साडी तिला आवडायची. भाऊ म्हणाले, "ड्यूटी संपली तिची. हिरवी साडी नेसवा." तेव्हा त्या कोर्सवाल्या पोरी पुढे आल्या. कुणी सांगितलं नव्हतं. दोघींनी मिळून तुम्हाला साडी नेसवली.

आता तुमच्या नंतरचं. डॉक्टरांनी मला बोलावून इनचार्ज हो म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात क्लासवाल्यांचा मेसेज आला, नवी बॅच सुरू होतेय, नाव ठेवू का. मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. स्वातीशी बोललो. ती म्हणाली, तुला जे ठरवायचं ते ठरव, मी दोन्हीकडे येईन. फक्त सिस्टरांच्या नावावर ढकलू नकोस. तिचंही बरोबर आहे. जायचं म्हटलं तर तुम्ही सांगितलं होतं म्हणून, आणि राहायचं म्हटलं तर तुम्ही राहिला होता म्हणून. दोन्हीकडे मी तुमच्याच मागे लपतोय.

काल सकाळी एक माणूस आणि त्याची मुलगी तुम्हाला भेटायला आली. पोलादपूरच्या पलीकडच्या वाडीतली. मुलीची आजी मागे आपल्या वॉर्डात होती, तेव्हा बारावी झाली की मला येऊन भेट, असं तुम्ही मुलीला म्हणाला होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली आणि बाकावर बसला. मुलगी उभीच राहिली. मी त्यांना चहा मागवला.

बापाने विचारलं, "ह्ये शिकल्यावर इथं नोकरी लागंल का?"

मी सगळं सांगितलं, सिस्टर. तुमच्यासारखंच, काही न लपवता. इथे काम लगेच मिळेल, पण पगार आहे तिथेच राहील. सरकारी जागांचं असं असं. मुंबई, पनवेलला बरं. परदेशाचं कसं असतं, काय शिकावं लागतं. त्याला ते एकदम झेपलं नाही, पण तो मान हलवत ऐकत होता.

मग मुलीने विचारलं, "तुम्ही का नाय गेलात तिकडं?"

मी हसायला लागलो. काहीतरी काढून विषय बदलावा असं मनात आलं. पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "सिस्टर होत्या म्हणून."

"मंग आता?" बापाने विचारलं. त्याला टोचायचं नव्हतं. त्याला आपल्या पोरीची काळजी होती, तिला इथे पाठवायचं तर इथे कोण असेल, एवढंच त्याला बघायचं होतं.

आणि मी, जो इतके दिवस डॉक्टरांना उत्तर देत नव्हतो, बायकोला देत नव्हतो, त्या अनोळखी माणसाला आमच्या वाडीच्या बोलीत म्हणून गेलो, "शिकू दे तिला. तीन वर्सा लागतील. तवर मी हाय इथं."

तुम्ही हे ऐकलं असतंत तर सबंध पाळी माझ्याशी बोलला नसतात. ठीक आहे. जर्मनचा क्लास मी पुन्हा सुरू करतोय, एवढं तुमच्यासाठी. पण ती मुलगी पास होऊन येईल, आपल्या वॉर्डात दोन वर्षं काढेल, तिचा हात बसेल, आणि मग एक दिवस मला तिला जा म्हणायचं की राहा म्हणायचं, ते ठरवावं लागेल. ते मला एकट्याला येत नाही, सिस्टर. त्याच्यासाठी तुम्ही भांडायला हव्या होतात.